चाकणचे छप्पन्न दिवस आणि एक तळटीप

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला. 'दादा, चाकणच्या किल्ल्यावर प्रोजेक्ट आहे. दहा संदर्भ पाहिजेत. विकिपीडिया चालणार नाही असं मॅडम म्हणाल्यात. तू कॉम्प्युटरवाला, तुला सापडेल.'

मी तळवड्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, पुढं सगळं इंजिनिअरिंग. पण 'तुला सापडेल' म्हटल्यावर नाही म्हणता येईना. शिवाय विषय चाकण. मामाचं गाव तिथून जवळच. लहानपणी सुट्टीत आम्ही एसटीनं चाकणला उतरायचो, तेव्हा बाजारात कांद्याच्या गोण्यांचा वास यायचा. आता त्याच रस्त्यावर कंटेनरच्या रांगा असतात. मामाची निम्मी जमीन एमआयडीसीत गेली. उरलेल्या जमिनीच्या कडेनं कंपनीची भिंत आहे.

तिनं प्रोजेक्टचा कच्चा मसुदा पाठवला. सुरुवातीलाच वाक्य होतं : 'संग्रामदुर्गाच्या लढाईत मावळ्यांनी ९०० मोगल ठार केले आणि ५५ दिवस किल्ला लढवला. १५ ऑगस्टला किल्ला पडला, हा विलक्षण योगायोग आहे.' पुढं एक परिच्छेद आमच्या घराण्यावर होता. आमचे आजोबा सांगायचे, की आपला एक पूर्वज फिरंगोजी नरसाळ्यांबरोबर किल्ल्यात होता. तो परिच्छेद तिनं ठळक अक्षरांत टाकला होता. त्याच्यापुढं कंसात लिहिलं होतं, 'संदर्भ शोधणे.'

एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या मोबाइलवर आणि माझ्या लॅपटॉपवर बसलो. तो एक शनिवार पुरेल असं मला वाटलं होतं. तीन आठवडे लागले.

नऊशे कुठून आले?

आमच्या कामात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. कोडमधली कुठलीही ओळ घ्या, ती कुणी आणि कधी लिहिली हे ती दाखवते. 'ब्लेम' म्हणजे दोष देणं, पण तिचा खरा उपयोग मूळ शोधायला होतो. मी बहिणीला म्हटलं, आधी तुझ्या पहिल्या वाक्याचं ब्लेम काढू.

नऊशेचा आकडा एका व्हॉट्सअ‍ॅप पोस्टमधून आला होता. तीच पोस्ट शब्दशः सहा-सात ब्लॉगांवर होती आणि कुणीही संदर्भ दिला नव्हता. तिला वाटलं होतं, की सात ठिकाणी आहे म्हणजे सात पुरावे झाले. प्रत्यक्षात एकच मजकूर सात वेळा चिकटवलेला होता. पहिला धडा तिथंच मिळाला. किती जण म्हणतात याला फारसा अर्थ नसतो. त्यांनी ते एकमेकांपासून उचललंय की स्वतंत्रपणे शोधलंय, हे पाहावं लागतं.

मग आम्ही जुन्या पुस्तकांकडे वळलो. जदुनाथ सरकारांचं 'शिवाजी अँड हिज टाइम्स' १९१९ साली कलकत्त्यात पहिल्यांदा छापलं गेलं. सरकार १९५८ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा हक्क संपतो. त्यामुळं २०१९ पासून सरकारांची पुस्तकं सगळ्यांसाठी खुली आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर त्या पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या प्रती फुकट वाचता येतात.

त्यात चाकणचा वेढा सविस्तर आहे. शाइस्ताखान १९ जून १६६० ला पुण्याहून निघाला आणि २१ तारखेला चाकणला पोचला. किल्ला भुईकोट, म्हणजे डोंगराचा आधार नाही. भोवती खंदक, कोपऱ्यांवर बुरूज आणि डोक्यावर ऐन पावसाळा. खानानं मोर्चे बांधले आणि आपल्या मोर्चातून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत भुयार खणलं. १४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास सुरुंग उडाला. बुरूज आणि वरची माणसं उडाली. मोगल आत घुसायला धावले, तर आत मावळ्यांनी मातीचा आणखी एक बांध घालून ठेवला होता. त्याच्या आडून बाण, बॉम्ब आणि दगडांचा मारा झाला. मोगलांना ती रात्र तटाच्या पायथ्याशीच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा हल्ला केला, मुख्य किल्ला घेतला आणि उरलेल्यांना बालेकिल्ल्यात ढकललं. शेवटी राव भावसिंगाच्या मध्यस्थीनं किल्ला खाली झाला.

आणि मोगलांचं नुकसान : २६८ ठार, ६०० जखमी.

बहिणीनं बेरीज केली. ८६८. ती म्हणाली, "म्हणजे ठार आणि जखमी एकत्र केले, वर गोल आकडा केला, आणि सगळ्यांना ठार करून टाकलं." मला तिचा अभिमान वाटला. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिनंच पकडलं.

चोपन्न, पंचावन्न की छप्पन्न?

दिवसांचाही असाच घोळ होता. कुठं ५४ दिवस, कुठं ५५, कुठं ५६. यातला नक्की बरोबर कोण, म्हणून ती वैतागली. आम्ही बोटांवर मोजलं. २१ जून ते १४ ऑगस्ट हा फरक ५४ दिवसांचा. दोन्ही टोकांचे दिवस धरले तर ५५. किल्ला ताब्यात गेला तो १५ ऑगस्टही धरला तर ५६. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त आपण काय मोजतोय ते सांगायला हवं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकानं ही एकची चूक कधी ना कधी केलेली असते.

१५ ऑगस्टचा 'विलक्षण योगायोग' मात्र टिकला नाही. शिवकाळावर लिहिणारे इतिहासकार साधारणपणे ज्युलियन पद्धतीच्या तारखा देतात. १९ फेब्रुवारी १६३० आणि ६ जून १६७४ या आपल्याला पाठ असलेल्या तारखाही ज्युलियनच आहेत. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर, आणि सतराव्या शतकात या दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे आजच्या कॅलेंडरनं चाकण पडलं ते २५ ऑगस्टला. स्वातंत्र्यदिनाशी जोडलेली दरवर्षीची ती पोस्ट दहा दिवस चुकलेली असते.

बहिणीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "दादा, आपण माझ्या प्रोजेक्टमधलं सगळं भारी काढूनच टाकतोय." मला त्यावर चटकन उत्तर सुचलं नाही.

हे सगळं मोबाइलवर आलं कसं?

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, की पूर्वी लोक हे कसं शोधायचे? गुगल नव्हतं, तर एवढी माहिती जमवली कुणी? मग मी तेही वाचत गेलो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरले. जुन्या घराण्यांच्या माळ्यावर, पेट्यांत, फडताळांत मोडी कागद पडलेले होते. काहींना वाळवी लागलेली. लोक कागद दाखवायला कचरायचे, कारण त्यात जमिनीचे हक्क, वतनांची भांडणं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि पुढं असे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं.

एक उदाहरण तर मला फारच आवडलं. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी तारखांची एक यादी होती. शक, तिथी आणि पुढं काय घडलं ते थोडक्यात. ही जेधे शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळाच्या वृत्तात छापली गेली. त्याआधी शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा धरला जाई. या यादीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वाद बरीच वर्षं चालला. २००१ साली राज्य सरकारनं हीच तारीख अधिकृत मानली. एका घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या काही पानांनी अख्ख्या राज्याची सुट्टी ठरवली.

पेशवे दप्तराचे हजारो रुमाल सरकारी इमारतीत होते, पण बराच काळ बाहेरच्या अभ्यासकाला ते सहज उघडून पाहता येत नसत. पुढं गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. कागद आहेत पण आपल्याला उघडत नाहीत, ही तक्रार काही आपल्या पिढीची नाही.

आणि शेवटचा टप्पा स्कॅनिंगचा. या शतकाच्या सुरुवातीला 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात देशभरातल्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं स्कॅन झाली. ते मूळ संकेतस्थळ नंतर बंद पडलं. पण त्याआधी पुष्कळ पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या गेल्या होत्या. पानं वाकडी, कुठं बोटाचा फोटो, कुठं मधलंच पान गायब. तरी ती आहेत, आणि चाकणच्या मुलीला रात्री अकरा वाजता मोबाइलवर मिळतात.

स्पेलिंगचा खंदक

मिळतात, पण सहज नाही. बहिणीनं 'Chakan' हे नाव रोमन लिपीत टाकून शोधलं तेव्हा तिला एमआयडीसीतले प्लॉट आणि नोकऱ्यांच्या जाहिराती मिळाल्या. कारण जुने इंग्रज ही नावं कानाला ऐकू येतील तशी लिहायचे. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आपल्या नावांची स्पेलिंगं ओळखूसुद्धा येत नाहीत. डिजिटल लायब्ररीतल्या मराठी पुस्तकांची नावं तर अशा रोमन अक्षरांत आहेत, की प्रत्येक 'आ'ला दोन 'ए' आणि मध्येच एखादा जादा 'एच'.

चिंचवडचं उदाहरण अजून गमतीचं. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानं चिंचवडच्या देव घराण्यावर, म्हणजे मोरया गोसावींच्या वंशावर आणि त्यांच्या संस्थानावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. १९८९ साली केंब्रिजनं छापलं. मी चिंचवडच्या गणपतीला लहानपणापासून जातोय, पण मला त्याचा पत्ता नव्हता. कारण त्यात चिंचवडचं स्पेलिंग संस्कृत पंडितांच्या पद्धतीनं आहे : सी-आय-एन-सी-व्ही-ए-डी. आपण रेल्वे स्टेशनवर वाचतो त्या स्पेलिंगनं शोधलं तर ते निसटतं.

म्हणून आम्ही एक वही केली. एकेका नावाची चार-पाच स्पेलिंगं, देवनागरी आणि रोमन दोन्ही. मग पुढचं शोधणं सोपं झालं. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये पुणे जिल्ह्याचे तीन भाग आहेत, त्यात चाकण सापडलं. शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं संकेतस्थळ. तिथं विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. प्रबंधाचा मजकूर वाचण्याआधी आम्ही त्याची संदर्भसूची वाचायचो. कुणीतरी पाच वर्षं घालवून केलेली ती यादी म्हणजे आयता नकाशा. जेस्टोरवर वैयक्तिक खातं काढलं तर महिन्याला ठरावीक लेख फुकट वाचता येतात, तेही केलं.

एका ठिकाणी मात्र अडलो. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २०२५ पासून सुरू झालीये, त्यात हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिकं विद्यार्थ्यांना मिळतात. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांसाठी आहे. बहिणीचं कॉलेज खासगी. त्यामुळं एका लेखाचं पहिलं पान दिसायचं आणि खाली डॉलरमधली किंमत. शेवटी पुण्यात सरकारी संस्थेत शिकणाऱ्या तिच्या मैत्रिणीनं तो लेख वाचून मुद्दे सांगितले. संशोधनात ओळखीपाळखी लागतात त्या अशा.

आजोबांचा परिच्छेद

आता राहिला ठळक अक्षरांतला परिच्छेद.

सरकारांच्या २६८ आणि ६०० या आकड्यांमागं आम्ही गेलो तेव्हा तळटिपेत 'आलमगीरनामा' निघाला. मुहम्मद काझिम यानं फार्सीत लिहिलेला, औरंगजेबाच्या पहिल्या दहा वर्षांचा दरबारी इतिहास. म्हणजे आकडे मोगलांचेच. बादशहाच्या दरबारात आपली किती माणसं पडली याची नोंद ठेवणारा कारकून होता. किल्ल्यातले किती पडले याचा तसा नेमका आकडा तिथं नाही. नावं तर दूरच. फिरंगोजींचं नाव राहिलं. खानानं त्यांना बादशाही चाकरी देऊ केली आणि त्यांनी ती नाकारली, हे ग्रँट डफनंही लिहिलंय. बाकीच्यांचं काही नाही.

बहीण बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा खरं सांगत असतील तरी सापडणार नाही."

मी घरी आलो. रात्री मी एका एआय चॅटबॉटला विचारलं, की चाकणच्या वेढ्यात आमच्या आडनावाचं कुणी होतं का. दोन सेकंदांत उत्तर आलं. होतं म्हणे. सोबत इंग्रजी नियतकालिकाचं नाव, खंड, वर्ष, पान नंबर, लेखकाचं नाव. सगळं व्यवस्थित. माझ्या अंगावर काटा आला. मी बहिणीला स्क्रीनशॉट पाठवायला फोन हातात घेतलासुद्धा.

मग सवयीनं तो अंक शोधला. नियतकालिक खरं होतं, खंडही खरा. त्या पानावर दुसऱ्याच विषयावरचा लेख होता. त्या लेखकाचा तसा लेख कुठंच नव्हता. मी पुन्हा विचारलं, तर त्यानं माफी मागितली आणि तितक्याच आत्मविश्वासानं दुसरा संदर्भ दिला. तोही खोटा.

मला माहीत आहे हे कसं होतं. हे मॉडेल पुढचा शब्द कुठला शोभेल ते ठरवतं, आणि संदर्भ कसा दिसतो हे त्याला छान कळतं. कपाटातून पुस्तक काढून पाहणं हा त्यात प्रकारच नसतो. हे मी ऑफिसात ज्युनियर मुलांना समजावतो. तरीही त्या दोन मिनिटांत मला ते खरं वाटलं, कारण मला ते खरं हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मोह त्यानंतरही झाला. मॅडम कुठं जाऊन पान उघडणार आहेत? दहा संदर्भांत एक हा. मामा खूश झाला असता. जमीन गेल्यापासून तो गावाबद्दल फार बोलत नाही, या विषयावर मात्र बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला सगळं सांगितलं, मोहासकट. ती हसली नाही. म्हणाली, "तो आपल्या नावानं खोटा कागद झाला असता ना. मग पुढच्यानं माझं प्रोजेक्ट संदर्भ म्हणून वापरलं असतं, आणि त्याचं ब्लेम काढलं असतं तर माझं नाव आलं असतं."

मी म्हटलं, मग तो परिच्छेद काढून टाक. पुरावा नाही तर ओळ नाही.

ती म्हणाली, नाही काढणार. दोन दिवस ती मामाकडे, चुलत आजीकडे, गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांकडे बसली. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. कोण काय सांगतं, कुणाकडून ऐकलं, कधी ऐकलं, हे प्रत्येकाला विचारलं. दोघांच्या सांगण्यात पूर्वजाचं नाव वेगळं निघालं. एका आजीनं तर लढाईच दुसऱ्या किल्ल्यावर नेली. तिनं सगळं तसंच लिहिलं. मुख्य मजकुरात एकच वाक्य ठेवलं : 'चाकण परिसरातल्या काही घराण्यांत या वेढ्याच्या आठवणी सांगितल्या जातात.' आणि खाली तळटीप : या मौखिक आठवणी आहेत, समकालीन कागदपत्रांत दुजोरा मिळालेला नाही, सांगणाऱ्यांचं वय आणि मुलाखतीची तारीख अमुक, आपसांत फरक अमुक.

मी पुराव्याचे दोनच प्रकार धरले होते, आहे किंवा नाही. तिनं तिसरी जागा काढली. काय माहीत आहे, कुणाच्या तोंडून माहीत आहे, आणि ते कितपत धरायचं, एवढं स्पष्ट लिहिलं की आठवणही इतिहासात बसू शकते. तिला खोट्या कागदाचा आधार लागत नाही. राजवाडे ज्या घरांत कागद शोधत फिरले, तसंच एक घर आमचंही होतं. आमच्या पेटीत कागद नव्हते, एक म्हातारा होता. तो असताना कुणी रेकॉर्ड केलं नाही, एवढीच चूक झाली.

प्रोजेक्टमध्ये शेवटी आठ संदर्भ झाले, दहा नाहीत. मॅडमनी दोन गुण कापले आणि त्या तळटिपेशेजारी पेन्सिलनं लिहिलं, 'रेकॉर्डिंग जपून ठेव.'

त्या रविवारी आम्ही संग्रामदुर्ग पाहायला गेलो. आता किल्ला गावाच्या पोटात गेलाय. भोवती घरं आणि दुकानं, थोडी तटबंदी शिल्लक. पलीकडे हायवेवर नेहमीसारखा ट्रॅफिक जॅम होता. बहीण ईशान्येचा कोपरा कुठला ते मोबाइलच्या होकायंत्रावर शोधत होती. मामा आमच्याबरोबर आला होता. तो एका दगडावर बसला आणि आजोबांची ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागला. तिनं काही न बोलता फोनवरचं होकायंत्र बंद केलं आणि रेकॉर्डर सुरू केला.